फडाची गाडी निघण्यापूर्वी

श्रोतेहो, आमच्या जुन्नर-आंबेगावकडे बैलपोळा श्रावणात नसतो, भाद्रपदाच्या अमावास्येला असतो. बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा उतरतात न उतरतात, तोच नारायणगावात दुसऱ्याच जनावरांची खांदेमळणी सुरू होते. ही जनावरे म्हणजे तमाशाच्या फडांचे ट्रक. पावसाळाभर ताडपत्री पांघरून चिखलात चाके रुतवून बसलेले हे ट्रक दसऱ्याला धुऊन-पुसून, झेंडूची माळ घालून बाहेर पडतात. मग त्यांना विसावा मिळतो तो थेट वैशाखात, बुद्धपौर्णिमेच्या सुमारास. मधले सात-आठ महिने रोज नवे गाव, रोज नवा रस्ता.

नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे फडमालकांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच यात्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड इथला. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या विठाबाई नारायणगावकर या त्यातल्या भाऊंच्या कन्या. विठाबाईंची एक हकीकत आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. खेळ रंगात आला असता त्यांना कळा सुरू झाल्या, पडद्याआड त्या बाळंत झाल्या, आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. ही हकीकत मी कलेच्या गौरवासाठी सांगत नाही, त्यासाठी जाणकार पुष्कळ आहेत. मला एवढेच दाखवायचे आहे, की फडाचे घर आणि फडाचा रस्ता या दोन गोष्टी निराळ्या नाहीत. जन्म, आजारपण, भांडण, जेवण, झोप, सारे काही चाकांवर. तेव्हा ती चाके नीट असली पाहिजेत.

मी काही साहित्यिक नव्हे. मंचर आणि नारायणगाव या दोन गावांच्या दरम्यान चाळीस वर्षे माझे हात ग्रीसमध्ये गेले. तुमच्यापैकी फार थोड्यांना फडाची गाडी बाहेर काढायची असेल. पण कुणाच्या दारात जुनी जीप उभी असेल, कुणी जुना टेम्पो घेऊन त्यात बाकडी आणि बिछाने बसवून कुटुंबासह कोकणात किंवा पंढरपूरला जायचा बेत करीत असेल. हल्लीची तरुण मुले तर जुन्या गाडीत चूल आणि पलंग मांडून महिना-महिना फिरतात. त्या सर्वांना फडाच्या गाडीकडून पुष्कळ शिकता येण्यासारखे आहे. कारण जुनी गाडी, जास्त वजन, आत झोपलेली माणसे आणि लांबचा रस्ता, या चारही गोष्टी फडाने पिढ्यान्‌पिढ्या एकत्र सांभाळल्या आहेत.

जुनी गाडी बाहेर काढायची म्हटले की माणूस पहिल्याने काय करतो? बॉनेट उघडतो. सेल्फ मारतो. इंजिन धडधडले की म्हणतो, "झाले, गाडी तयार!" ही पहिली चूक. इंजिन बंद पडले तर गाडी उभी राहील, फार तर रात्र झाडाखाली काढावी लागेल. पण उभी राहायला हवी असताना गाडी उभी राहिली नाही तर? म्हणून माझा नियम असा, की गाडी चालवते ते सर्वांत शेवटी पाहावे. गाडी थांबवते ते आधी, गाडी पेलते ते त्याच्यामागून.

हा नियम तसा जुनाच आहे. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास 1888 सालच्या ऑगस्टात जर्मनीत झाला. बर्था बेंझ या बाईने नवऱ्याने बनवलेली गाडी त्याला न सांगता बाहेर काढली आणि दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी गेली. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. इंधन संपले, ते औषधाच्या दुकानातून घेतले. पण उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा तिने एका चांभाराला गाठून त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकला अस्तर लावायची कल्पना निघाली ती अशी, रस्त्यावर. चाकाखाली घाट आला की सगळी विद्या ब्रेकपाशी येऊन थांबते.

याचा हिशेब साधा आहे. दहा टनांची भरलेली गाडी 200 मीटर उंचीचा घाट उतरली, की तिचा वेग आवरताना जी उष्णता तयार होते तिने सुमारे 65 लिटर पाणी उकळीला येईल. म्हणजे तीन-चार हंडे! ही सारी उष्णता ब्रेकनेच घ्यायची म्हटली तर ड्रम तापून लाल होतात, अस्तर गुळगुळीत पडते आणि पायाखालचे पेडल असून नसल्यासारखे होते. म्हणून चढताना जो गिअर तोच उतरताना, हे जुन्या ड्रायव्हरांचे सांगणे. थोडे वजन इंजिनाने ओढून धरावे, थोडे ब्रेकने. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करणारे किंवा इंजिनच बंद करणारे महाभाग मी पाहिले आहेत. मोठ्या गाडीचे ब्रेक हवेवर चालतात आणि ती हवा इंजिनच भरीत असते. चार आण्यांच्या डिझेलसाठी आपण कशाचा जुगार खेळतो, याचा विचार करावा.

तेव्हा चारही बाजूंची चाके उतरवा. ड्रम काढा. अस्तर किती उरले ते पाहा आणि त्यावर ओल आहे का ते बोटाने पाहा. हवेच्या टाकीच्या तळाचे पाणी सोडा. टाकी पूर्ण भरा, इंजिन बंद करा आणि मीटरच्या काट्याकडे पाहत बसा. काटा डोळ्यांदेखत खाली येऊ लागला तर कुठेतरी नळी फाटली आहे किंवा रबर कुजले आहे. उभ्या राहिलेल्या गाडीचे रबर चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते, हे लक्षात ठेवा.

ओल बोटाने पाहा असे मी म्हणालो. त्यामागे एक गोष्ट आहे, आणि ती मला सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका फडाची गाडी माझ्याकडे आली होती. मागच्या दोन्ही चाकांच्या अस्तरावर तेलाची ओल होती. आतले सील गेले होते. नवे अस्तर, नवे सील, म्हणजे दोन दिवसांचे काम. आणि मालकाला संध्याकाळी निघायचे होते. मी अस्तर पेट्रोलने पुसले, पॉलिशपेपर मारला आणि बसवून दिले. मालकाने विचारले, "मिस्त्री, चालंल का?" मी म्हणालो, "चालेल."

जाताना काही झाले नाही. परत येताना संगमनेरकडून चंदनापुरीच्या घाटात, चढावर, गाडी बंद पडली. आज तो घाट रुंद झाला आहे, तेव्हा अरुंद होता. ड्रायव्हरने ब्रेक दाबला, तो धरेना. गाडी मागे सरकू लागली. ड्रायव्हर शहाणा, त्याने ती डोंगराच्या अंगाला घातली, म्हणून सगळे वाचले. पण वर सामानावर झोपलेल्या ढोलकीवाल्या पोराच्या पायावर कपड्यांची लोखंडी पेटी येऊन पडली. हाड सांधले, पण वाकडे सांधले. श्रोतेहो, तमाशातला ढोलकीवाला गळ्यात ढोलकी अडकवून रात्रभर उभा असतो. तो पोरगा पुन्हा रात्रभर उभा राहू शकला नाही. मला कुणी बोल लावला नाही. फडातल्या माणसांनी तो नशिबाचा भाग म्हणून सोडून दिला. पण मी जे पुसले होते ते मला ठाऊक होते. तेव्हापासून "चालेल" हा शब्द मी धंद्यातून काढून टाकला. गाडी एकतर तयार असते किंवा नसते.

आता चाकांकडे वळू. टायरची नक्षी चांगली दिसते म्हणून भुलू नका. टायरच्या अंगावर एक चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. 2316 असेल तर तो टायर 2016 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरला बाजूने बारीक भेगा पडतात, भेगाळलेल्या टाचेसारख्या. असा टायर नुसत्या फिरण्याला चालून जातो, पण वजन आणि ऊन एकत्र आले की फुटतो. स्टेपनीचीही हवा पाहा. पुष्कळांची स्टेपनी गरजेच्या दिवशीच पंक्चर निघते! आणि चाक बदलले असेल तर ऐंशी-शंभर किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळा.

आमच्या वडिलांच्या वेळचे गाडीवान यात्रेला निघण्यापूर्वी बैलगाडीचे चाक काढून आसाला वंगण भरीत आणि वंगणाचे नळकांडे साटीखाली टांगून बरोबर नेत. चाक कुरकुरले की उतरून पुन्हा वंगण. मोटारीचे बेअरिंग कुरकुरत नाही, ते तापते. म्हणून पहिल्या तासाभरानंतर गाडी थांबवून प्रत्येक चाकाच्या मधोमध, तुंब्याजवळ, उलटा हात जपून न्या. तीन चाके कोमट आणि एक चटका देणारे असेल, तर त्या चाकाचा ब्रेक अडकला आहे किंवा बेअरिंग कोरडे आहे. या परीक्षेला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही, फक्त थांबण्याची तयारी लागते.

मग गाडी पेलणारा भाग. स्प्रिंगचे पाटे, त्यांना आवळणारे यू-बोल्ट, आणि चेसिस. इथे पहिले काम धुण्याचे. वर्षानुवर्षांचे ग्रीस आणि धूळ खरवडून काढल्याशिवाय खाली काय आहे ते कळत नाही. चेसिसला तडा गेला असेल तर रंगावर गंजाची तपकिरी रेघ दिसते. संशय आला तर त्या जागी रॉकेल लावा, थोड्या वेळाने कोरडे पुसा आणि वरून खडूची भुकटी फासा. तडा असेल तर आत शिरलेले रॉकेल खडूवर उमटते आणि केसासारखी ओली रेघ दिसू लागते. शाळेच्या खडूने सांगितलेले हे सत्य मोठमोठ्या जाणकारांना खोटे पाडता आलेले नाही.

इंजिनाबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण त्याबद्दल सर्वांनाच कळते. गाडी फार दिवस उभी असेल तर डिझेलच्या टाकीचे तळपाणी सोडा आणि फिल्टर बदला. बदलल्यावर नळीतली हवा काढा, नाहीतर गाडी शंभर पावलांवर खोकून बंद पडेल. रेडिएटरचे होज पाईप दाबून पाहा. कडक झाले असतील किंवा पिचपिचीत झाले असतील, तर दोन्ही वाईट. फॅनबेल्ट एक जादा ठेवा. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुऊन व्हॅसलीन लावा. बारा व्होल्टची बॅटरी निवांत असताना 12.6 च्या आसपास दाखवीत असेल तर ठीक.

वायरिंगकडे मात्र नीट पाहा. फडाच्या गाडीत दिवे, कर्णे, जनरेटर. तुमच्या गाडीत पंखा आणि मोबाईलचे चार्जर. दरवर्षी कुणीतरी एक तार जोडतो आणि जुनी तार कुणीच काढीत नाही. फ्यूज उडाला म्हणून तिथे जाड तार बसवणारा माणूस आगीलाच आमंत्रण देतो. फ्यूज हा पहारेकरी आहे. तो का ओरडला ते शोधा, त्याचे तोंड बांधू नका. आणि आत माणसे झोपणार असतील तर दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. ताडपत्री बंद करून आत शेगडी पेटती ठेवू नये, आणि जनरेटर झोपायच्या जागेपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवावा. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. त्यात माणूस गुदमरून उठत नाही, झोपलेला तसाच जातो.

सामान भरताना जड ते खाली आणि मधोमध, हलके ते वर. पेट्या दोरखंडाने बांधलेल्या असाव्यात. मालवाहू गाडीच्या सामानावर माणसे बसवणे कायद्याला मंजूर नाही आणि का नाही ते मी चंदनापुरीत पाहिले आहे. माणसे बसमध्ये, सामान ट्रकमध्ये. योग्यता प्रमाणपत्र, विमा, परमिट आणि धुराचा दाखला एका पिशवीत घालून ड्रायव्हरच्या डोक्याशी ठेवा. चाकाखाली लावायला दोन लाकडी ओंडके, ज्यांना आपण उटी म्हणतो, हाताशी ठेवा. जॅक, टामी, पाने, बॅटरी, पाण्याचा डबा आणि वाळूची बादली हेही असावे.

एवढे झाले म्हणजे लगेच निघू नका. गाडी पूर्ण भरा आणि एक रंगीत तालीम करा. फडवाले वगाची तालीम करतात, गाडीची का करू नये? आम्ही भरलेली गाडी आळेफाट्यावरून आणे घाटापर्यंत नेतो आणि परत आणतो. रिकाम्या गाडीने केलेली परीक्षा ही न जेवलेल्या माणसाने पोट दुखत नाही असे सांगण्यासारखी आहे.

आणि शेवटी ड्रायव्हर. रात्री दोनला खेळ सुटतो, पहाटे तंबू उतरतो आणि गाडी पुढच्या गावाला निघते. या वेळी सगळ्यांना झोप येते, आणि ड्रायव्हरलाही येते. ज्याने गाडी चालवायची त्याने खेळाच्या वेळी झोपायचे आणि त्याला कुणी उठवायचे नाही, हा नियम ज्या फडात पाळतात त्या फडाच्या गाड्या घरी परत येतात. तुमच्या सहलीतही एकाला लवकर झोपू द्या. गप्पा त्याच्यावाचून रंगतील.

आता एक अलीकडची गोष्ट सांगून पुरे करतो. 2020 च्या मार्चमध्ये, ऐन चैत्राच्या तोंडावर, करोनामुळे सगळ्या यात्रा बंद झाल्या. 2021 चा चैत्रही तसाच गेला. दोन वर्षे फडांच्या गाड्या जागच्या हलल्या नाहीत. कुणी गाडी विकली, कुणी पेट्या विकल्या. पुढच्या वर्षी, 2022 साली, खेळ पुन्हा सुरू झाले. एका बाईंच्या फडाने दोन गाड्यांवर तो चैत्र कसाबसा भागवला. तिसरी गाडी, जिच्या फाळक्यावर त्यांचा बोर्ड उभा राहत असे, ती पितृपक्षात माझ्याकडे ओढून आणली. बाईंनी कलावंतांना उचल दिली होती, ती व्याजाने काढून. दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी नगरच्या बाजूला पहिला खेळ.

मी गाडी धुतली. मागच्या पाट्याच्या ब्रॅकेटपाशी तपकिरी रेघ दिसली. रॉकेल लावले, पुसले, खडू फासला. रेघ उमटली, वीतभर लांब.

बाई समोर ओंडक्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "वेल्डिंग मारा की मिस्त्री. आजवर किती मारली असतील तुम्ही!"

मी म्हणालो, "बाई, वरून मारलेले वेल्डिंग शेजारी फाटते. बॉडी उतरवायची, आतून पट्टी बसवायची, सगळे नव्याने आवळायचे. एकवीस दिवस लागतील."

"एकवीस दिवसांत तीन सुपाऱ्या हायेत माझ्या."

मी काही बोललो नाही. माझ्यापाशी बोलण्यासारखे एकच होते आणि ते मी बोललो होतो. बाई बराच वेळ त्या खडूच्या रेघेकडे पाहत बसल्या. मग उठल्या आणि म्हणाल्या, "माझ्या बाच्या टायमाला पिंपावर फळ्या टाकून बोर्ड करीत व्हते. तसाच करू. पर एकवीस म्हंजी एकवीस."

तीन गावांपैकी दोन गावांनी पिंपावरचा बोर्ड चालवून घेतला. तिसऱ्या गावाने सुपारी मोडली. ते नुकसान खरे होते, ते बाईंनीच सोसले, मी त्यात काही भर घालू शकलो नाही. मजुरी थोडी कमी घेतली, एवढेच. गाडी एकविसाव्या दिवशी निघाली. त्यानंतर बाईंनी माझे आभार मानले नाहीत आणि रागही धरला नाही. फक्त पुढच्या वर्षी गाडी पितृपक्षात न आणता गणपती बसायच्या आधीच माझ्या दारात आणून उभी केली. ड्रायव्हरच्या हाती निरोप होता, "खडू लावून बघा म्हणावं."

श्रोतेहो, मला सांगायचे होते ते एवढेच. लांबच्या रस्त्याची तयारी म्हणजे सामानाची यादी नव्हे. जे आपल्याला पाहायला नको वाटते तेथपर्यंत हात नेणे, आणि जे दिसेल ते निघण्याच्या आधी, वेळ असताना, मोठ्याने सांगणे, ही तयारी. दसऱ्याला गाडीला हार जरूर घाला, नारळ जरूर फोडा. पण त्याच्या महिनाभर आधी एकदा अंगाखाली गोणपाट पसरून गाडीच्या खाली शिरा. बरोबर थोडे रॉकेल असू द्या, आणि पोरांच्या दप्तरातला एक खडू.